आय कम, फादर

परळच्या हॉस्पिटलात कुंदाआत्याला मी शेवटची भेटले ती मे महिन्यातली दुपार होती. भेटीची वेळ संपली होती आणि वॉर्डातली मावशी एकेकाला बाहेर काढत होती. मी रिकामा डबा पिशवीत भरला, आत्याची चादर सारखी केली आणि सवयीने म्हटलं, "आय कम, आत्या." तिने तोंडावरचा मास्क एका हाताने बाजूला सारला. सिस्टर रागावणार हे ठाऊक असूनही सारला आणि म्हणाली, "कम इन जून." शेजारच्या खाटेवरच्या बाईंना वाटलं, पेशंट बरळायला लागली. त्यांनी काळजीने माझ्याकडे पाहिलं. मी हसत होते. आत्याही हसत असावी, कारण परत लावलेल्या मास्कवर आतून वाफ धरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. ते नुसतं "मधुरा…" म्हणाले. मला कळलं.

आता हे 'आय कम' आणि 'कम इन जून' काय प्रकरण आहे ते सांगितल्याशिवाय माझी आत्या कोणाला कळायची नाही. आमच्या घरात गेली कित्येक वर्षं कोणीही उंबरा ओलांडताना 'येते' किंवा 'येतो' म्हणत नाही. 'आय कम' म्हणतं, आणि घरात उरलेलं माणूस 'कम इन जून' म्हणतं. डिसेंबर असो, गणपती असोत, नाहीतर कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जायचं असो. माझ्या नवऱ्याला लग्नानंतर पहिल्यांदा आईने 'कम इन जून' म्हटलं तेव्हा तो बिचारा जिन्यात थांबून राहिला होता. त्याला वाटलं, सासूबाईंनी आपल्याला जूनपर्यंत घरी यायला बंदी केली.

कुंदाआत्या म्हणजे कुंदा परब, माझ्या बाबांची थोरली बहीण. लालबागच्या चाळीत आमच्या शेजारशेजारच्या दोन खोल्या होत्या, एकीत आम्ही आणि दुसरीत आजी-आजोबा नि आत्या. ती बारावीला फर्स्ट क्लासमध्ये पास झाली आणि त्याच सुमारास आजोबांची गिरणी बंद पडली. पाठचे दोन भाऊ शाळेत होते. आत्या गल्लीतल्या बाबीशेठच्या मसाल्याच्या दुकानात कामाला लागली, मिरच्या-धणे तोलायला आणि मागच्या बाजूला मसाला कुटून निघाला की पिशव्या भरायला. सगळं आयुष्य तिथेच काढलं. पण या गोष्टीचं तिने कधी भांडवल केलं नाही. लग्नाचं कोणी विचारलंच तर मालवणीत म्हणायची, "सीझनात माका वेळ नाय आणि सीझन नसताना कोण इचारूक येणा नाय." असं म्हणून स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायची. माझी बारावी झाली तेव्हा ती पन्नाशीच्या पुढे होती, केस पांढरे, चालणं मात्र असं की गल्लीत मला तिच्या मागे धावावं लागायचं.

मला प्रवेश हवा होता तो दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या कॅथलिक कॉलेजात. आता त्याचं विद्यापीठ झालंय, तेव्हा साधं कॉलेजच होतं. साधं म्हणजे आमच्या चाळीच्या मानाने राजवाडा. दगडी कमानी, मधोमध चौक, एका बाजूला चॅपेल. यादीत नाव लागलं तरी तिथे प्रिन्सिपल फादरसमोर पालकांना घेऊन बसावं लागायचं. बाबा इंग्रजीच्या धास्तीने आदल्या दिवशीच तापले. आई म्हणाली, मी काय बोलणार? मग आत्याने गौरीला नेसायची ती जांभळी साडी काढली, गजरा माळला आणि आम्ही दोघी निघालो. फादरच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. त्यावर बसलेल्या इतर पालकांना सेंटचा वास येत होता आणि आत्याला गरम मसाल्याचा. तो वास तिच्या अंगातच मुरला होता, कितीही साबण लावा. आमच्या शेजारचे गृहस्थ लागोपाठ शिंकले आणि आत्याने त्यांना गंभीरपणे आपला रुमाल दिला. त्या रुमालालाही तोच वास होता…

फादर सायमन हे प्रिन्सिपल. पांढरा झगा, जाड भिंगांचा चष्मा, हळू आवाज. त्यांना इंग्रजीशिवाय काही येत नाही अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी मला विचारलं, याच कॉलेजात का यायचंय? माझं उत्तर पाठ होतं. पहिलं वाक्य म्हटलं आणि दुसरं जे गेलं ते गेलंच. मी टेबलाकडे बघत बसले. तेवढ्यात आत्या म्हणाली, "शी नोज, फादर. शी फरगेट बिकॉज यू आर लुकिंग." मला वाटलं, झालं, संपलं आता. पण फादरनी शांतपणे चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "नाऊ?" मग मी सगळं उत्तर धडाधड म्हणून टाकलं, पूर्णविरामासकट.

चष्मा न लावताच त्यांनी आत्याला विचारलं, "अँड यू, मॅडम? युअर एज्युकेशन?"

"ट्वेल्थ. फर्स्ट क्लास."

"अँड देन?"

आत्याने जरा विचार केला. "देन… हाऊस."

फादरनी विचारलं, आता शिकायला आवडेल का? आत्याने तोंडावर पदर घेतला. "नो नो फादर. ओन्ली शी." आम्ही उठलो. दारापाशी पोचल्यावर आत्या वळली. निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. दोन्ही हात जोडून तिने तेच इंग्रजीत केलं. "आय कम, फादर." फादरनी चष्मा लावला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "गुड. कम इन जून."

संध्याकाळी मी हे घरात साभिनय करून दाखवलं. आई हसता हसता भिंतीला टेकली. बाबांचा ताप उतरला. गॅलरीतून जाणाऱ्यांना बोलावून बोलावून मी पुन्हा पुन्हा सांगितलं. हसली नाही ती फक्त आत्या. सगळे पांगल्यावर मला म्हणाली, "फादर शेवटी काय म्हणालो, ता परत सांग." मी सांगितलं. बाबा म्हणाले, "अगे, तो गमतीन बोललो असतलो." त्यावर आत्याने बाबांकडे असं पाहिलं की त्यांनी पेपर वर उचलला. "फादर माणूस गमतीन कित्याक बोलतलो?"

पुढच्या आठवड्यात माझ्या प्रवेशाचं उरलेलं काम करायला ती एकटीच कॉलेजात गेली. परत आली ती थेट पेटीपाशी गेली आणि तळाशी हात घालून आपली बारावीची मार्कशीट काढली. ऑफिसातल्या क्लार्कने तिला विचारलं होतं, दोन परब आहेत ना, मग दुसऱ्या परबांचे कागद कुठे आहेत? फादर सांगून गेलेत. घरात त्या रात्री कोणाला जेवण गेलं नाही, एक आत्या सोडून. ती भात कालवताना स्वतःशीच म्हणाली, "मी फादरक येतंय म्हणून सांगलंय. आता नाय गेलंय तर मी खोटी पडतलंय." मधल्या वर्षांत शिक्षण का थांबलं याचं प्रतिज्ञापत्र करायला आम्ही नोटरीकडे गेलो तेव्हा त्या वकिलाने चष्म्यावरून विचारलं, "बाई, इतकी वर्षं होतात कुठे?" आत्या म्हणाली, "लालबागेत."

अशी आम्ही दोघी एकाच वर्गात जाऊन पडलो. आडनाव एक, नावाचं अक्षर मागेपुढे, त्यामुळे हजेरीत ती आधी आणि लगेच मी. पहिल्याच दिवशी इतिहासाच्या सरांनी 'परब' म्हटल्यावर आम्ही दोघींनी 'प्रेझेंट' म्हटलं, आणि तेव्हापासून ती 'परब सीनियर' आणि मी 'परब ज्युनियर' झाले. ती खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर बसायची. वारा त्या खिडकीतून यायचा आणि आत्यावरून पुढे जायचा, त्यामुळे पहिल्या बाकावरची मुलं तास संपेपर्यंत शिंकत असायची. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान असं तिने बाबीशेठकडून ठरवून घेतलं होतं. कॉलेजातल्या मुलींनी तिला 'आंटी' म्हणायला सुरुवात केली तर म्हणाली, "वर्गात आंटी नको. कँटीनमध्ये चालेल." म्हणून गिरगावातल्या एका वाडीतली रेचल, जी पुढे आमची जिवाभावाची मैत्रीण झाली, ती तास सुरू असताना तिला 'कुंदा' म्हणायची आणि घंटा झाली की 'आंटी'. मला ते कधी जमलं नाही. मी दोन्हीकडे आत्याच म्हणायचे आणि सर हसायचे.

मोकळ्या तासाला ती चॅपेलमध्ये जाऊन बसायची. तिथे गार असायचं आणि कोणी बोलायचं नाही, दुकानातल्या गिरणीच्या खडखडाटापुढे तिला तो स्वर्ग वाटायचा. आता देवाच्या दारात चपला घालून जायचं हे काही तिच्या बुद्धीला पटणारं नव्हतं. ती पायरीवर चपला काढायची. तिचं बघून आम्ही काढायला लागलो, आमचं बघून रेचलची सगळी टोळी, आणि पावसाळा संपेस्तोवर चॅपेलच्या पायरीवर अशी चपला-सँडलची रांग लागायला लागली की नवीन येणाऱ्या मुलांना वाटायचं, हा इथला नियमच आहे. फादर सायमन एकदा त्या रांगेपाशी बराच वेळ उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता ओरडा बसणार. काही दिवसांनी तिथे एक लाकडी स्टँड आलं.

नाताळाला प्रत्येक वर्गाने आपापला गोठा सजवायचा असे. येशूच्या जन्माचा देखावा. सजावट म्हटल्यावर लालबागच्या माणसाला सांगावं लागत नाही. आत्याने सगळ्यांना कामाला जुंपलं. गवत झालं, मेंढरं झाली, तारा लागला, आणि मग ती मागे सरून म्हणाली, "वर मोकळा दिसता." आमच्याकडे गावी गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात, लाकडाची चौकट आणि तिला लोंबणारी फळं, सुपाऱ्या, रानातली पानं. ती माटवी आत्याने बाळ येशूच्या डोक्यावर बांधली. दादरच्या बाजारातून आंब्याचे टहाळे आणि नारळ आणले, काकड्या टांगल्या, मधोमध एक भोपळा. रेचल म्हणाली, "आंटी, हा पडला तर बेबी जीझस गेला." परीक्षणाला फादर आले. त्यांनी मान वर केली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाले. मला ते 'माटोळी', म्हणजे माटवीचंच दुसरं नाव, असं ऐकू आलं. मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, फादरना मराठी येत नाही, तुला भास झाला. बक्षीस दुसऱ्याच वर्गाला मिळालं. भोपळ्याची भाजी आम्ही खाल्ली.

अभ्यासात आत्या काही चमकली वगैरे नाही. इतिहास तिला आवडायचा, मराठीत ती वाद घालायची. रडकथा होती ती इंग्रजीच्या सक्तीच्या पेपरची. पहिल्या वर्षी ती त्यात राहिली. मी घाबरत घाबरत तिला सांगितलं की एटीकेटी लागलीय. म्हणजे काय, विचारलंन. मी म्हटलं, 'अलाउड टू कीप टर्म्स', तो विषय मागे राहिला तरी पुढच्या वर्गात बसू देतात. तिने एवढंच ऐकलं की 'अलाउड'. संध्याकाळी बाबीशेठपासून चाळीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत पेढे वाटून झाले होते. "कुंदाला एटीकेटी मिळाली," असं आजी अभिमानाने सांगत होती. खरा अर्थ कळला तेव्हा आत्या म्हणाली, "बसूक देतत मा? मग पेढे बरोबर."

पण दुसऱ्या वर्षीही तोच पेपर राहिला, आणि तिसऱ्या वर्षी मात्र हसण्यावारी न्यायची गोष्ट उरली नाही. इंग्रजी सुटल्याशिवाय पदवी नव्हती. आणि परीक्षा आली ती ऐन मिरचीच्या सीझनात. मार्चपासून पाऊस येईपर्यंत लालबागला अख्ख्या मुंबईचा वर्षाचा मसाला कुटला जातो, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आत्याने सुट्टी मागितली. बाबीशेठ वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "कुंदा, वर्षभर मी तुझं कॉलेज सांभाळलं. आता सीझन तू सांभाळ." यात काय चूक होतं? ती दुपारपासून दुकान बंद होईपर्यंत तराजूपाशी उभी असायची, घरी येऊन पुस्तक उघडायची आणि त्याच्यावरच डोकं टेकून झोपायची. एक दिवस मला म्हणाली, "बाकीचे पेपर देतंय. इंग्रजी पुढल्या वर्षी बघूया." अगदी सहज म्हणाली. पण मी आजीकडे पाहिलं आणि आजीने माझ्याकडे. बारावीनंतरही ती पुढल्या वर्षी बघूया असंच म्हणाली होती, हे आजीने मला नंतर सांगितलं. ते पुढलं वर्ष यायला तिचे केस पांढरे व्हावे लागले होते. मला रात्रभर चैन पडेना.

मी रेचलला सांगितलं. रेचलने वर्गाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबीशेठच्या दुकानासमोर आमचा अर्धा वर्ग उभा. कुलाब्याचे, मलबार हिलचे, जीन्स घातलेले, लालबाग म्हणजे फक्त गणपती एवढंच ठाऊक असलेले. रेचल पुढे होऊन बाबीशेठला म्हणाली, "अंकल, हम लोग काम करेगा, आंटी को पढने दो." शेठ आधी हसला, मग त्याने मिरच्यांची पोती दाखवली. फुटपाथवर गोणपाट घालून आम्ही देठं खुडायला बसलो. कॉलेजच्या डिबेट टीमचा ध्रुव नावाचा मुलगा होता, त्याने अर्ध्या तासात डोळे चोळले आणि मग तो जो रडला तो गाडीत बसेपर्यंत रडत होता. पण दुसऱ्या दिवशी गॉगल लावून परत आला. आत्या मधोमध स्टुलावर पुस्तक घेऊन बसलेली, आणि रेचल मिरची खुडता खुडता तिला बोलायला शिकवायची. प्रश्न इंग्रजीत, शिंका मराठीत. तोंडी परीक्षाही होती आणि ती फादर सायमन घेणार होते, म्हणून आत जाताना काय म्हणायचं, बसताना काय, हे सगळं घोटून घेतलं. शेवटी रेचल म्हणाली, "आणि आंटी, प्लीज, निघताना 'आय कम' नाही म्हणायचं. ते चूक आहे. 'आय ॲम लीव्हिंग नाऊ, फादर.' मार्क्स जातील." आत्याने ते वाक्य पोतंभर मिरच्या होईपर्यंत म्हटलं. गिऱ्हाइकं बघत राहायची. मी त्या उन्हाळ्यात जितकी हसले तितकी त्यानंतर कधी हसले नाही, आणि बोटांची आग काही महिनाभर गेली नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी त्याच लांब बाकावर मी आणि रेचल बसलो होतो. दार अर्धवट उघडं होतं. पूर्वी माझ्यासाठी आत्या इथे बसली होती, आता तिच्यासाठी मी बसले होते. आत फादरनी विचारलं, तुमचा दिवस कसा जातो ते सांगा. आत्याने सांगितलं. छोटी छोटी वाक्यं, एकामागून एक, तोलून टाकल्यासारखी. पाणी भरते, कॉलेजला येते, दुकानात उभी राहते. कुठेही अडली नाही. फादर चष्मा लावून बघत होते तरी अडली नाही. संपलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आत्या दारापाशी आली, वळली, हात जोडले आणि स्वच्छ म्हणाली, "थँक यू, फादर. आय ॲम लीव्हिंग नाऊ."

रेचलने माझा हात दाबला. पण आतून फादर म्हणाले, "व्हॉट डिड यू से?" आत्याने वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी जरा घाबरत. मग जे झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय म्हणून सांगते, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. तीन वर्षांत ज्यांच्या तोंडून आम्ही इंग्रजीखेरीज अक्षर ऐकलं नव्हतं ते फादर सायमन आपल्या हळू आवाजात म्हणाले, "वतां म्हणूं नाका, बाये. येतां म्हण."

आत्या जागच्या जागी उभी. फादर गोव्याचे, त्यांची कोकणी आणि आमची मालवणी काही फार लांबची नाही, त्यांचं 'वतां' म्हणजे आमचं 'जातंय'. तिला सगळं कळलं, पण ते कळायलाही वेळ लागला. "तुमका… आमचा बोलणा कळता?" तिने विचारलं. फादर हसले. म्हणाले, माझी आई आयुष्यभर 'येतां' म्हणूनच घराबाहेर पडली, मला नाही कळणार? मग आत्याच्या डोक्यात दुसरा दिवा लागला. "म्हणजे त्या दिवशी… मी आय कम म्हटलंय, तेव्हाच तुमका कळलेला? मी जातंय म्हणून?" फादर कागद गोळा करत होते. "परफेक्टली, मिस परब," ते म्हणाले. मग परत आपल्या भाषेत, "पण एक जागा उरली होती. आणि तुम्ही स्वतःच्या तोंडाने येतां म्हणालात. नको म्हणणारा मी कोण?"

आत्या बाहेर आली आणि बाकावर माझ्या शेजारी बसली. रेचल विचारत होती, काय झालं, मार्क गेले का? आत्याने तिला कवेत घेतलं आणि रडायला लागली. रेचलही रडली, काही न कळता. पेपरात तिला जेमतेम पास होण्यापुरते मार्क पडले. फादरनी एक मार्क जास्त दिला नव्हता आणि या गोष्टीचा तिला जन्मभर अभिमान होता. पदवीदानाच्या दिवशी ती काळा गाऊन घालून तशीच दुकानात गेली. बाबीशेठने गिऱ्हाइकाला थांबवलं, स्वतःच्या खुर्चीवरून उठला आणि तिला बसवलं. गाऊन परत करायला मी गेले होते. तो घेणारा माणूस शिंकला.

बी. ए. होऊन तिने काय केलं? तराजूपाशीच उभी राहिली. पण दर जूनमध्ये ती जांभळी साडी बाहेर निघायची. लालबागमधल्या, घोडपदेवच्या, अगदी अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतल्यासुद्धा ज्या मुलांचे आईबाप इंग्रजीला घाबरून आदल्या दिवशी आजारी पडायचे, त्यांच्याबरोबर आत्या जायची. शेजारी बसायची, बोलायची फारसं नाही. पोरगं अडलं तर समोरच्याला सांगायची, जरा बघू नका त्याच्याकडे. आणि निघताना प्रत्येक ठिकाणी हात जोडून तेच. काही कॉलेजांतल्या लोकांना ते विचित्र वाटलं असेल. तिला त्याची पर्वा नव्हती. ती म्हणायची, "बरोबर इंग्रजी माका येता. पण ह्या जास्त बरोबर हा."

ती गेल्यावर मी फादर सायमनना गोव्याला फोन केला. निवृत्त होऊन ते तिथल्या एका आश्रमात राहतात, ऐकायला कमी येतं, मला मोठ्याने सांगावं लागलं. त्यांनी विचारलं, शेवटी काही बोलली का? मी म्हटलं, हो, कम इन जून म्हणाली. फादर हसायला लागले. हसता हसता खोकले. "ते माझं वाक्य आहे," म्हणाले, "चोरलं तिने." आणि फोन ठेवताना, आपण म्हणतो तसं, "येतां हां" म्हणाले. त्यानंतर मी रडले. तोवर रडले नव्हते.

घोडपदेवच्या सिद्धी नावाच्या मुलीला आत्याने आपण मुलाखतीला बरोबर येऊ असा शब्द दिला होता. म्हणून परवा मी ऑफिसातून सुट्टी घेतली. कपाटातून जांभळी साडी काढली. घडीत अजून मसाल्याचा वास आहे. त्याच कमानीतून आत गेलो, चॅपेलच्या पायरीवर ते स्टँड आहे, त्याला नवा रंग दिलाय. त्याच बाकावर बसलो. शेजारची बाई शिंकली. आत एक तरुण फादर होते, हसतमुख, समोर लॅपटॉप. सिद्धी दुसऱ्या वाक्याला अडली. मी म्हटलं, "फादर, तिला येतं. तुम्ही बघताय म्हणून विसरतेय." ते जरा गोंधळले, पण लॅपटॉपकडे बघायला लागले, आणि सिद्धीने सगळं सांगितलं. आम्ही उठलो. सिद्धी "थँक यू फादर, बाय" म्हणून बाहेर पडली. मी दारापाशी वळले आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

"आय कम, फादर."

त्यांना काही कळलं नाही. तरी भला माणूस होता. "शुअर, मॅडम," ते म्हणाले, "कधी येताय?"

"जूनमध्ये," मी म्हटलं. "दर जूनमध्ये."